जाळीचा चेंडू

दहावीची परीक्षा संपली म्हणून भाचा महिनाभर वसईला माझ्याकडे राहायला आलाय. रोज संध्याकाळी ग्राउंडवर जातो, लाल माती घेऊन परत येतो आणि ती पोर्तुगालची जर्सी, सात नंबरची, बाथरूमच्या दारामागे गोळा करून टाकतो. मी ती रोज धुते आणि उलटी करून वाळत घालते, नाहीतर उन्हाने पाठीवरचा नंबर उडतो. तर परवा दोरीवर ती उलटी लटकलेली आणि छातीवरच्या भरतकामाची मागची बाजू माझ्या बरोबर तोंडासमोर. लाल, पांढरे, निळे दोरे एकमेकांत गुंतलेले, गाठी, मधेच एक सुटलेला धागा. मी उगाच तो धागा कापायला कात्री शोधत होते तेवढ्यात हा मागून आला, तोंडात बिस्किट. म्हणाला, मावशी, या क्रॉसचा अर्थ माहितीये का तुला? सिक्रेट साइन आहे तो. टेम्प्लर लोकांचा. ते सगळे संपले असं जगाला वाटतं पण ॲक्च्युअली संपलेच नाहीत, रोनाल्डोच्या छातीवर आहेत. आणि मग त्याने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, मागे ढूम ढूम म्युझिक, मेणबत्त्या, झग्यातली माणसं, बोकडाचं डोकं, आणि एक घोगरा आवाज सांगतोय की हे चिन्ह तुम्हाला दिसतंय पण तुम्ही ते पाहत नाही आहात.

मी हसले. अगदी मोठ्यांदा, अरे काय हे, जा आंघोळ कर, असं म्हणून हसले. त्याचं तोंड जरासं पडलं, मग तो गेला. पण ते हसणं मला नंतर दोन दिवस टोचत राहिलं, भाजी चिरताना, लोकलमध्ये, कुठेही.

कारण तो निम्मा तरी बरोबर होता.

तो क्रॉस खरंच टेम्प्लरांपासून आलेला आहे, म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघापासून. फ्रान्सच्या राजाने, चौथ्या फिलिपने, १३ ऑक्टोबर १३०७ ला एका दिवसात देशभरातले टेम्प्लर धरले, हालहाल करून कबुलीजबाब घेतले, १३१२ मध्ये पोपने संघच मोडीत काढला आणि १३१४ ला त्यांच्या शेवटच्या प्रमुखाला, जाक द मोलेला, पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. हे सगळं त्या व्हिडिओत होतं, त्यात काही चूक नाही. पण पोर्तुगालमध्ये काय झालं ते तितकं थरारक नाही म्हणून बहुतेक कोणी त्याला म्युझिक लावत नाही. तिथे दिनिश नावाचा राजा होता, शेतीबितीत लक्ष घालणारा, कविता करणारा, व्यवहारी माणूस. पोपचं म्हणणं होतं की टेम्प्लरांची मालमत्ता दुसऱ्या एका संघाला द्या. दिनिशने विचार केला असणार की एवढे किल्ले, एवढी जमीन आपल्या घरातून कशाला घालवायची. त्याने वर्षानुवर्षं पोपच्या दरबारी घासाघीस केली आणि १३१९ मध्ये नवा संघ मंजूर करून घेतला, ऑर्डर ऑफ क्राइस्ट. माणसं बरीचशी तीच, किल्ले तेच, फक्त लाल क्रॉसच्या पोटात एक बारीक पांढरा क्रॉस घातला. म्हणजे आपल्याकडे नाही का, भावाभावांत वाटण्या झाल्या की 'न्यू' लावून तीच पाटी परत चढते, दुकानात माल तोच, गल्ल्यावर माणूस तोच, तसं. आता त्या आतल्या पांढऱ्या रेघेचा अर्थ लोक लावतात, शुद्धता, निर्दोषपणा वगैरे. असेलही. मला मात्र त्यात वकिली चातुर्य जास्त दिसतं.

मी त्यांचा एक किल्ला पाहिलाय म्हणून हे एवढं बोलतेय. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने लिस्बनला गेले होते, शेवटी एक दिवस मोकळा मिळाला आणि सगळे खरेदीला गेले तेव्हा मी ट्रेनने तोमारला गेले. दोनेक तास लागतात. लहानसं गाव, मधून नदी, वर टेकडीवर किल्ला, ११६० साली टेम्प्लरांनी बांधायला घेतलेला. चढ चांगलाच दम काढणारा. आत गेल्यावर एक गोल चर्च आहे, बाहेरून सोळा बाजूंचं आणि आत मधोमध आठ खांबांचा एक उंच मंडप. तिथे असं सांगतात की शूरवीर घोड्यावर बसूनच आत यायचे आणि त्या मंडपाभोवती फिरत प्रार्थना ऐकायचे. खरं खोटं देव जाणे, पण मी तिथे उभी होते तेव्हा मला सारखं वाटत होतं की एवढ्या घोड्यांची लीद कोण काढत असेल. गोल फिरायला जागा होती खरी, आणि पाय आपोआप उजवीकडून वळले. देवळात वळतात तसे. प्रदक्षिणा पूर्ण झाली तेव्हा लक्षात आलं, आणि जरा ओशाळल्यासारखं झालं, कोणी बघितलं तर नाही ना. दगडाचा थंड वास होता, ओल, जुनं मेण, आणि मागून येणाऱ्या एका शाळकरी ग्रुपच्या चिप्सचा.

घोड्यांवरून आठवलं. टेम्प्लरांचा तो प्रसिद्ध शिक्का आहे ना, एका घोड्यावर दोन शिलेदार, त्याचे किती अर्थ लावलेत लोकांनी. शरीर आणि आत्मा, प्रकट आणि गुप्त, दोन तोंडांचं ज्ञान, काय वाट्टेल ते. साधा अर्थ गरिबी आणि बंधुभाव. पण गंमत अशी की त्यांच्याच नियमावलीत एका शिलेदाराला तीन घोडे ठेवायची परवानगी होती. म्हणजे शिक्क्यावर दोघांत एक आणि तबेल्यात एकाला तीन. गूढ बीढ काही नाही, चिन्हात आपण जसे असतो तसे दिसत नाही, जसे दिसावंसं वाटतं तसे दिसतो. आमच्या सोसायटीच्या लेटरहेडवर दोन हातांत जपून धरलेलं रोपटं आहे, आवारात एक झाड उरलेलं नाही.

तोमारला लोक जे बघायला येतात ती खरं तर एक खिडकी आहे. चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरून बघायची. दिओगु द आरुदा नावाच्या गवंडी-शिल्पकाराने १५१० ते १३ च्या दरम्यान केलेली, म्हणजे ज्या वर्षी अल्बुकर्कने गोवा घेतला त्याच सुमारास इकडे छिन्नी चालू होती. काय नाही त्या खिडकीत. जहाजाचे दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्री शेवाळ, साखळ्या, आणि सगळ्यात खाली एक दाढीवाला माणूस, पाठीवर एका झाडाची मुळं पेललेला, जणू ही अख्खी खिडकी त्याच्या मानेतून उगवलीय. दगडावर पिवळट नारिंगी बुरशी चढलेली, ऊन पडलं की सोन्याचा वर्ख लावल्यासारखी. कोपऱ्यातल्या एका बुरुजाला दगडी पट्टा बांधलाय, चक्क बक्कल असलेला, आणि दुसऱ्याला साखळी. गाईड लोक सांगतात की पट्टा म्हणजे इंग्लंडचा ऑर्डर ऑफ द गार्टर आणि साखळी म्हणजे बर्गंडीचा गोल्डन फ्लीस, ते दोन्ही मान राजा मानुएलला मिळाले होते ना. म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्यात मिळालेल्या शाली आणि स्मृतिचिन्हं लावतात त्यातलाच प्रकार, फक्त दोन मजले उंच. माझ्या शेजारी एक बाई डोळे मिटून हात भिंतीकडे करून उभ्या होत्या, ऊर्जा घेत होत्या. त्यांच्या मते तो दाढीवाला म्हणजे कोणी दीक्षा घेतलेला साधक. मी मान डोलावली. परक्या देशात वाद कशाला.

आणि मग मी वर बघितलं. खिडकीच्या वरच्या दोन्ही बाजूंना, जाळीचा चेंडू.

पोटात एकदम काहीतरी हललं. जाळीचा चेंडू हा शब्द आमच्या घरचा आहे. वसईच्या किल्ल्यात आतल्या जुन्या बालेकिल्ल्याच्या दारावर तो आहे, पोर्तुगालच्या राजचिन्हाजवळ, आणि तिथेच तो क्रॉससुद्धा. लहानपणी बाबा रविवारी सायकलवर पुढे मला आणि मागे ताईला बसवून किल्ल्यात न्यायचे. वडाच्या पारंब्या, चिंचा, वाळलेल्या गवताचा आणि जवळच्या बंदरावरून येणाऱ्या सुक्या मासळीचा वास. मी त्या दाराखाली उभी राहून विचारायचे की दगडाचा चेंडू कोणी खेळायचा. बाबा म्हणायचे, पृथ्वीचा गोल आहे तो, पोर्तुगीजांना वाटायचं सगळी पृथ्वी आपलीच. बाबांचं उत्तर चुकीचं होतं पण वाईट नव्हतं. तो पृथ्वीचा गोल नाही, आकाशाचा आहे. आकाश म्हणजे नुसती वर्तुळं, कडी, आणि मधून तिरका जाणारा सूर्याच्या वाटेचा पट्टा, आणि या सगळ्याच्या मधोमध इवलीशी पृथ्वी, बहुतेक वेळा तर दगडात ती दिसतही नाही. खगोल शिकवायचं यंत्र. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवावं अशी वस्तू एका राजाचं चिन्ह कशी झाली ते मला तोमारहून आल्यावर वाचायला लागलं तेव्हा कळलं, आणि ते कळल्यापासून त्या दाराकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

गोष्ट १४८४ ची आहे. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव, हुशार आणि निर्दय. त्याच्याविरुद्ध कट शिजत होता आणि कटात होता त्याच्या राणीचा सख्खा भाऊ, व्हिजेउचा ड्यूक दिओगु. राजाने त्याला सेतुबलला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने भोसकून मारलं. मेहुण्याला. मग लगेच बोलावलं त्याच्या धाकट्या भावाला. तो मानुएल. वय पंधरा. आता माझा भाचा पंधराचा आहे म्हणून मला ते दृश्य जरा जास्तच दिसतं, दारात उभा राहिलेला मुलगा, आत काय झालंय ते कळलेलं, आपलं काय होणार ते न कळलेलं. राजाने त्याला मारलं नाही. भावाची इस्टेट त्याला दिली, ड्यूक केलं, ऑर्डर ऑफ क्राइस्टचा कारभार दिला, आणि वर एक चिन्ह दिलं, हा जाळीचा गोल. त्या काळच्या पोर्तुगीजमध्ये गोलाला एश्फेरा म्हणायचे आणि लिहिताना एश्पेरासुद्धा व्हायचं. आणि एश्पेरा म्हणजे थांब. वाट बघ. आशा धर.

आता ते देताना राजाच्या मनात नेमकं काय होतं? तेव्हा त्याला स्वतःचा मुलगा होता, आफोन्सो, धडधाकट वारस, म्हणजे मानुएलला राज्य मिळायचं काहीच कारण नव्हतं. मग थांब म्हणजे कशासाठी थांब? दया होती का धमकी होती का नुसता शब्दाचा खेळ? नंतर लिहिणाऱ्यांनी त्याला भविष्यवाणी करून टाकलं कारण पुढे तसंच घडलं. मला ते भविष्य वगैरे पटत नाही. मला वाटतं त्या मुलाने ते चिन्ह घेतलं, मान खाली घालून आभार मानले आणि पुढची अकरा वर्षं भावाच्या खुन्याच्या दरबारात तो शब्द अंगावर वागवत बसला.

आणि आफोन्सो? १४९१ च्या जुलैत सांतारेंजवळ, तेजू नदीच्या काठी, घोड्यावरून पडून गेला. सोळा वर्षांचा. आदल्याच हिवाळ्यात लग्न झालेलं. सांगतात की त्याला कोळ्यांनी जाळ्यात घालून उचलून आणलं, कोळंबीच्या जाळ्यात. त्याची आई, राणी लिओनोर, तिने त्यानंतर स्वतःचं चिन्ह म्हणून ते कोळंबीचं जाळं घेतलं. तिने वसवलेल्या काल्दाश द राइन्या गावाच्या चिन्हात आजही ते आहे, आणि त्याच चिन्हात तिच्या नवऱ्याचा पाणपक्षीसुद्धा, स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजणारा. भावाला नवऱ्याने मारलं, मुलगा जाळ्यात आला, आणि हे दोघं चिन्हात शेजारी शेजारी. आमच्या वसईला कोळंबीचं जाळं काय असतं हे कोणाला सांगायला नको. मी आमच्या कोळीणबाईंना ही गोष्ट सांगितली होती एकदा, पाचूबंदरवरून येतात त्या. त्या कोळंबी मोजता मोजता थांबल्या, म्हणाल्या, जाल्यात आनला व्हय लेकराला, आणि मग काहीच न बोलता दोन कोळंब्या जास्तीच्या टाकल्या. का ते मी विचारलं नाही.

राजाला शेवटी आपल्या अनौरस मुलाला गादीवर बसवायचं होतं. राणी अडून बसली, ती आपल्या धाकट्या भावाच्या बाजूने. १४९५ मध्ये जुआंव गेला आणि मानुएल राजा झाला. वाट बघणं संपलं होतं तरी त्याने तो गोल सोडला नाही, उलट जिथे तिथे काढला. खिडकीवर, पुस्तकांवर, नाण्यांवर. अल्बुकर्कने गोव्यात पाडलेल्या चांदीच्या नाण्याचं नावच एश्फेरा. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या चर्चचं दार बघा, दोन्ही बाजूंना तेच. मानुएल १५२१ ला वारला, वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ ला, म्हणजे आमच्या दारावर तो गोल चढला तेव्हा ज्याचा तो होता तो माणूस कधीच मातीत गेलेला. ज्या पाथरवटाने कोरला त्याला सेतुबलची ती भेट माहीत असायचं काही कारण नाही. वरून नमुना आला, त्याने कोरला. आणि १९११ पासून तो पोर्तुगालच्या झेंड्यावर आहे.

म्हणून मला त्या व्हिडिओवाल्या घोगऱ्या आवाजाचा राग येतो. गुप्त होतं ते हे होतं. बोकडाचं डोकं तर सापडलंच नव्हतं कोणाला, छळ करून घेतलेल्या कबुलीत कोणीतरी बाफोमे असा शब्द बोललं, बहुतेक महंमदचाच बिघडलेला उच्चार, आणि मग साडेपाचशे वर्षांनी एलिफास लेव्ही नावाच्या फ्रेंच गृहस्थाने घरी बसून त्याचं बोकडमुखी चित्र काढलं. सिंत्राला ती विहीर आहे ना, जिना फिरत फिरत सत्तावीस मीटर खाली जातो, तळाशी टेम्प्लर क्रॉस, रील्सवर असते सारखी, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका प्रचंड श्रीमंत माणसाने हौसेने बांधवून घेतलेली. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. मीसुद्धा फोटो काढले. पण खऱ्या मध्ययुगातलं चिन्ह हे लपवायला नव्हतंच, वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळावं म्हणून होतं, शिडावर क्रॉस असा मोठा की बंदरावरून दिसावा. सगळ्यांना दिसायचं. फक्त त्याच्यामागे घरात काय झालं होतं ते दिसायचं नाही.

पण मग एवढी माया करून बोलतेय तर तेही बरोबर नाही. हाच मानुएल, वाट बघितलेला मुलगा, राजा झाल्यावर त्याला आफोन्सोच्याच विधवेशी लग्न करायचं होतं, स्पेनच्या राजकन्येशी, आणि त्यासाठी त्याने १४९६ च्या डिसेंबरात देशातल्या ज्यूंना आणि मुसलमानांना हाकलायचं फर्मान काढलं, पुढच्या वर्षी हजारो ज्यूंना जबरदस्तीने बाटवलं. तो क्रॉस आणि तो गोल घेऊन जहाजं इकडे आली तेव्हा काय काय झालं ते आम्हा कोकणातल्या लोकांना नव्याने सांगायला नको. किल्ल्यात आज चिमाजी अप्पांचा पुतळा आहे आणि हाकेच्या अंतरावर चर्चच्या छप्पर उडालेल्या भिंती. १७३९ च्या विजयानंतर इथल्या घंटा मराठे घेऊन गेले, देवळादेवळांत टांगल्या. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर तशी एक आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. मी गेले होते तेव्हा एका आजीने मला घंटेकडे बोट दाखवून सांगितलं, देवी आहे ती, कडेवर लेकरू घेतलेली. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. चूक काय होतं त्यात?

तर शनिवारी रात्री मी भाच्याला हे सगळं सांगितलं, पोळ्या करता करता, उलटसुलट, मधेच पोळी करपली. टेम्प्लरांवर तो फार रमला नाही, ते त्याला माहीत होतं. जाळ्याच्या गोष्टीला गप्प झाला. मग म्हणाला, म्हणजे तो अकरा वर्षं त्याच्यासोबत जेवायला बसायचा? ज्याने भावाला मारलं त्याच्यासोबत? मी म्हटलं बसत असेल. म्हणाला, मी नसतो बसलो. मग थोड्या वेळाने, पुढची पोळी घेताना, बसलो असतो बहुतेक.

रविवारी सकाळी आम्ही दोघं किल्ल्यात गेलो. स्कूटरवर, आता सायकल कोण चालवतंय. जर्सी धुतलेली होती तीच घालून आला, ऊन चढायच्या आत पोहोचायचं म्हणत म्हणत साडेनऊ झालेच. त्या दाराशी आलो तर समोर प्री-वेडिंग शूट. नवरीमुलगी लांबलचक लाल गाऊनमध्ये, गाऊनचं टोक हवेत उडवायला एक पोरगा जमिनीवर पालथा पडलेला, नवरामुलगा घामाने डबडबलेला, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर दगडात तो गोल, एका कड्यातून गवताचं पातं उगवलेलं. भाच्याने फोन काढून झूम करायला सुरुवात केली, एक पाऊल पुढे टाकलं, तसा फोटोग्राफर ओरडला, ओ दादा, फ्रेममध्ये येताय, जरा थांबा ना, दोनच मिनिटं.

भाचा माझ्याकडे बघून फस्सकन हसला. आणि आम्ही चिंचेखाली जाऊन थांबलो, चांगली पंचवीस मिनिटं.